लोण्याचा हिशेब

बेकरीवाल्याला वजनाचं भारी वेड. तराजूत चार ग्रॅम पीठ जास्त पडलं तरी तो चिमटीने काढून घेई. चिऊला, त्याच्या लेकीला, डायबेटिस झाला आणि आता जन्मभर जेवण मोजून इन्सुलिन टोचावं लागेल असं कळलं, तेव्हा तो आधी रडला. मग म्हणाला, मोजायचंच आहे ना, ते आपल्याला जमेल.

काही महिन्यांनंतरची गोष्ट. त्या संध्याकाळी शाळेत नाटक होतं. चिऊ त्यात दीपस्तंभ होती. नाटकभर उभं राहायचं आणि शेवटी एकच वाक्य म्हणायचं. ते वाक्य तिने पाव घ्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं होतं. बापाने खुशीत दुपारच्या जेवणाला तिच्या आवडीचे रोल भाजले, लोण्याच्या पापुद्र्यांचे, आत भरपूर चीज. मैदा काटेकोर मोजला, तेवढं इन्सुलिन दिलं. लोणी आणि चीज मात्र हिशेबात धरलंच नाही. ज्यात साखर नाही ते मोजायचं कशाला? इथेच घोडं पेंड खातं.

जेवून थोडा वेळ होतोय तोच चिऊचे हात थरथरायला लागले. साखर पार खाली. पोटभर जेवलेली पोर आणि साखर कमी, हे त्याच्या डोक्यातच शिरेना. त्याने घाईघाईने फळांचा रस पाजला. ती सावरली, दोघं हसलीही. पण दुपार कलली तशी साखर चढू लागली. रसाचा परिणाम असेल म्हणून त्याने थोडं इन्सुलिन दिलं. तरी आकडा चढतच होता. चिऊ पाण्यावर पाणी पीत होती आणि भिंतीवरही चिडत होती. त्याने पुन्हा सुई उचलली, आणि खाली ठेवली. त्याने दवाखान्यातल्या सिस्टरांना फोन लावला.

सिस्टरांनी शांतपणे सांगितलं, की लोणी आणि चीज पोटात मैद्याला अडवून धरतात. इन्सुलिन वेळेवर कामावर आलं तेव्हा मैदा पोहोचलाच नव्हता. आता मैदा येतोय, तर जेवणाचं इन्सुलिन घरी गेलंय. अशा जेवणाला डोस कधी आणि कसा द्यायचा, ते डॉक्टर तिच्यापुरतं ठरवून देतील.

"आणि आत्ता?"

"मघाचा दुसरा डोस अजून काम करतोय. त्यावर आणखी दिलात तर पोर पुन्हा कोसळेल. पाणी पाजा, तपासत राहा. उलटी झाली किंवा गुंगी आली तर तडक घेऊन या."

"म्हणजे मी काहीच करायचं नाही?"

"थांबायचं. तेच करायचं."

भट्टीत काही करपत असलं तर दार उघडून ओढता येतं. इथे दारच नव्हतं.

चिऊ पुठ्ठ्याच्या दीपस्तंभात शिरून खुर्चीच्या कडेला टेकली होती. तिने विचारलं, "बाबा, मी काही चुकीचं खाल्लं का?"

"तू नाही गं. मी चुकीचं मोजलं."

"मी काही मैदा नाहीये," ती पुटपुटली आणि डोकं त्याच्या खांद्यावर टाकलं.

त्याने शाळेत कळवलं, तसा बाईंचा फोन आला. तिच्या जागी दुसरी मुलगी उभी राहील, काळजी करू नका म्हणाल्या. त्याने पोरीचं बोट पुसून पुन्हा तपासलं.

"उतरली साखर?" चिऊने विचारलं.

"चारने."

"चार म्हणजे काहीच नाही. तेवढा फरक यंत्राचाही असतो, सिस्टरच म्हणतात."

"हो," तो म्हणाला, आणि ते चार पुन्हा बघत बसला.