कॅरिअर पुढं, हँडल मागं

जोतिरामच्या दारात ती सायकल उतरली तेव्हा वडगावच्या विणकर गल्लीला आधी वाटलं, कुणीतरी ट्रॅक्टरची पिल्लं धरून आणलीत. चाकं तशीच होती. टायर एवढा जाड, की गल्लीतल्या एका मांजरीनं त्याला टेकून तीन पिल्लं घातली आणि सायकल हलवायला चार दिवस मनाई झाली. जावई नागेंद्रनं ती बेंगळूरला व्यायामासाठी घेतली होती. आठ दिवस चालवली, आठ महिने तिच्यावर टॉवेल वाळत घातले, आणि शेवटी सासऱ्याला देऊन तो मोकळा झाला.

सासऱ्याला मात्र ती बघून वेगळंच सुचलं.

जयवंताचं माहेर येळ्ळूर. लग्नापासून एकेचाळीस वर्षं जोतिराम तिला यात्रेला सायकलच्या कॅरिअरवर बसवून न्यायचा. बस होती, रिक्षा होत्या, पण जयवंता माहेरी जायची ती नवऱ्याच्या सायकलवरूनच. गेल्या वर्षी अर्ध्या वाटेत जोतिरामच्या गुडघ्यानं राजीनामा दिला. मागून जयवंताचा धाकटा भाऊ नागोजी टेंपो घेऊन आला आणि बहिणीला कांद्याच्या पोत्यांमध्ये बसवून घेऊन गेला. जोतिराम सायकल ढकलत यात्रेत पोचला, तोवर सगळ्या येळ्ळूरला बातमी झाली होती.

औंदा यात्रेला महिना होता तेव्हाच नागोजी चहाला येऊन बसला.

"दाजी, टेंपो पाठवतो. तुमीबी बसा आक्काच्या शेजारी. गुडघ्याखाली उशी देतो."

"माझी बायको माझ्या सायकलीवरनं येती," जोतिराम म्हणाला.

"व्हय, अर्ध्या वाटंपतूर!"

"औंदा मोटर बसवतोय सायकलीला. करंटवर चालणार. घरातल्या घरात, माझ्या हातानं."

नागोजीला हसताना ठसका लागला. "मग ऐका. मोटर बसवलासा तर पायडल मारायचं न्हाय. हितनं येळ्ळूरच्या कमानीपतूर भुईला पाय लावायचा न्हाय. लागला, की आक्का टेंपोत."

आतून जयवंता बशी पुसत बाहेर आली. "आणि पाय लागला तर ती सायकल नागेंद्राकडं परत जाणार. ह्या घरात पुन्हा सायकलचं नाव निघायचं न्हाय. गुडघा तुमचा दुखतोय, पण शेक मला द्यावा लागतोय."

बायकोनंच शिक्का मारल्यावर जोतिरामला माघार नव्हती. सायकल गेली म्हणजे एकेचाळीस वर्षांचं कॅरिअर गेलं. पुढं मग आयुष्यभर कांद्याच्या पोत्यांबरोबर यात्रा.

तो कामाला लागला. पंधरा दिवस मोबाईलवर व्हिडिओ बघितले. भाषा कळत नव्हती, पण हात काय करतात ते कळत होतं, आणि विणकराला तेवढं पुरतं. मग सामान मागवलं: पोटात मोटर असलेलं मागचं चाक, वीज वाटून देणारी डबी, बॅटरी, आणि मोटरसायकलसारखी पिळायची मूठ. चाक एवढं जड, की ते पोचवायला आलेल्या माणसाला जयवंतानं आधी पाणी आणि मग जेवायला वाढलं.

शेजारचा मष्णू मदतीला आला. त्याचेही दोन माग होते, आणि मागापेक्षा त्याची जीभ जास्त चालायची. जुन्या चाकाचा टायर नव्या चाकावर चढवायला दोघांना अख्खी सकाळ लागली. जोतिराम रिमवर बसला, मष्णू टायरवर बसला, आणि टायर बसला तेव्हा असा धडाका झाला, की गल्लीतले सगळे माग एक ठोका चुकले. मोटरच्या जोरानं चाकाचा आस फिरून निसटू नये म्हणून जोतिरामनं मोडीत काढलेल्या मागाची लोखंडी पट्टी कापून तिथं आवळली. विश्वास न्हाय, विश्वास न्हाय म्हणत जयवंतानं बॅटरीसाठी साडीच्या उरलेल्या काठाची पिशवी शिवली. हिरवी पिशवी, वर जरीचे मोर.

यात्रेच्या आदल्या दिवशी तारा जोडायच्या राहिल्या होत्या. सायकल अंगणात उलटी उभी केली, सीट आणि हँडल भुईला, चाकं आभाळाकडं. मोटरच्या तीन तारा होत्या. डबीच्या तीन तारांना त्या जोडल्या, मूठ पिळली, आणि चाक असं फिरलं, की अंगणातली कोंबडी वाऱ्यानं भिंतीला चिकटली.

"अण्णा!" मष्णू ओरडला. "उलटं फिरालंय!"

जोतिरामनं निरखून बघितलं. खरंच, चाकाची वरची कड हँडलकडं यायच्या ऐवजी मागं पळत होती. पण तो घाबरला नाही. उलट त्याच्या तोंडावर मोठं हसू आलं, कारण हे दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. गल्लीतली लाईट दुरुस्त करून लाईनमन खांबावरून उतरला, की कधीकधी सगळ्या गल्लीचे माग उलटे चालायचे. त्याचा इलाज वडगावात शाळकरी मुलींनाही ठाऊक होता. मोटरच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करायच्या, माग सरळ.

"तीन तारंची मोटर म्हंजे आपल्या जातीची," असं म्हणून त्यानं दोन तारा बदलल्या. आता चाकाची वरची कड झपाझपा हँडलकडं येऊ लागली. मष्णूनं टाळी दिली. जोतिरामनं तारांवर टेप गुंडाळली, आणि त्या रात्री तो असा निवांत झोपला, की सकाळी जयवंताला दोनदा हाक मारावी लागली.

सकाळी दारात नागोजीचा टेंपो उभा. मष्णू पंच म्हणून नागोजीच्या शेजारी बसलेला. गल्ली जमलेली. जोतिरामनं सायकल दाराच्या चौकटीसमोर रस्त्याकडं तोंड करून लावली होती, पाठ घराकडं. जयवंता नऊवारी नेसून कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसली.

"पडले तर बघा," ती म्हणाली.

"धरून बस."

जोतिरामनं ओट्याच्या पायरीवरून पाय उचलला आणि मूठ पिळली.

सायकल घरात घुसली.

विणकराचं घर म्हणजे आगगाडीच्या डब्यासारखं लांबोडकं, पुढचं दार आणि मागचं दार एका रेषेत. सायकल सोप्यातून मागं गेली, दोन्ही मागांच्या मधून गेली, स्वयंपाकघरातून गेली. तिथं जयवंतानं फळीवर विसरलेला लाडवांचा डबा जाता जाता उचलला. पुढच्या क्षणी दोघं मागच्या दारानं मागच्या बोळात होती. पाठीमागून गल्लीचा एकच ओरडा ऐकू आला. त्यात एका कानडी म्हातारीचा आवाज सगळ्यांत वर होता, "हिंदक होंटैती! हिंदक होंटैती!" मागं चालली हे जोतिरामला तिनं सांगायची गरज नव्हती.

"अहो, थांबवा!"

"कसं थांबवू? थांबलं की पाय टेकावा लागतोय! पाय टेकला की तू टेंपोत!"

 जयवंताला कांद्याचा वास आठवला असावा. मग तिनं कासोटा सावरला, एक पाय कॅरिअरवरून पलीकडं टाकला, आणि जिकडं सायकल पळत होती तिकडं तोंड करून ती घोड्यावर बसल्यासारखी बसली. नवऱ्याच्या पाठीला पाठ, मांडीवर डबा.

"आता मी रस्ता बघते," ती म्हणाली. "तुमी हँडल धरा. डावीकडं बोळ हाय! माझ्या डावीकडं!"

दुसरा कुणी असता तर तिथंच गटारात गेला असता. पण जोतिरामनं चाळीस वर्षं साडी उलट्या बाजूनं विणलेली. मागावर वर दिसते ती साडीची पाठ, खरा मोर खालच्या अंगाला असतो, आणि विणकराचं मन तो आपोआप पालटून बघतं. बायकोचं डावं आपलं उजवं, आणि मागं जाताना हँडल आणखी पलीकडं. हे गणित त्याच्या मनगटानं डोक्याला न विचारता सोडवलं. पायडलं आपोआप उलटी गरगरत होती, म्हणून त्यानं दोन्ही पाय नांगरासारखे बाहेर फाकवले होते. गुडघा दुखायचं विसरून गेला होता.

बोळ संपून येळ्ळूरचा रस्ता लागला. दोन्ही अंगांना मसूर काढलेली शेतं, वर निरभ्र ऊन, आणि जाड टायर असा गुणगुणत होता, की शेतातली माणसं मधमाश्या आल्या म्हणून डोक्यावर टॉवेल घेऊ लागली. एवढ्यात नागोजीनं टेंपोतून त्यांना गाठलं. टेंपो सायकलच्या मागं आणि जोतिरामचं तोंड टेंपोकडं. त्यामुळं मेव्हणे-दाजी समोरासमोर.

"दाजी, हे काय!" नागोजी खिडकीतनं ओरडला.

"दिसत न्हाय काय? तुझ्या आक्काला माहेरी सोडालोय!"

"उलटं?"

"तुला तोंड दावत न्यावं म्हटलं! गेल्या साली पाठ दावलती!"

मष्णू टेंपोतून निम्मा बाहेर आला. "पाय टेकलेला न्हाय! मी पंच हाय, मी बघालोय!"

एक कुत्रं भुंकत धावत आलं. सायकलच्या मागं लागायचं त्याचं काम पिढीजात, पण हिचं मागं कुठलं तेच त्याला उमगेना. दोनदा पुढून मागं गेलं आणि शेवटी रस्त्याच्या कडेला बसून विचार करू लागलं. त्याच्यापेक्षा मोठी फजिती बसवाल्याची झाली. टेंपोला मागं टाकून बस पुढं आली, तर समोरून एक म्हातारा सायकलवर आपल्याच अंगावर येतोय. ड्रायव्हरनं करकचून हॉर्न दिला. म्हातारा बाजूला होईना, अंगावरही पोचेना. दोन किलोमीटर तो हॉर्न वाजवत राहिला. मग बस कडेला घेऊन त्यानं तोंडावर पाणी मारलं.

"म्हशी!" जयवंता ओरडली. "पंधरा-वीस! उजवीकडं जागा हाय! माझ्या उजवीकडं!"

"घंटी वाजवू?"

"घंटी तिकडं मागं वाजून काय उपेग!" तिनं लाडवांचा डबा उचलला आणि झाकणावर बुक्क्या मारल्या. म्हशींनी असली वरात कधी बघितली नव्हती. त्यांनी रस्ता सोडला. जयवंतानं मागं न बघता नवऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं. "अहो, जरा जोरात न्हाय व्हय जात?"

 एकेचाळीस वर्षांत ती फक्त 'हळू' म्हणाली होती. जोतिरामनं मूठ शेवटपर्यंत पिळली.

कमानीजवळ यात्रेची गर्दी होती. लोकांना आधी दिसली जयवंता. कासोटा घातलेली, पदर कमरेला, डबा वाजवत सुसाट येणारी. तिच्या पाठीमागं कुणाचं तरी टक्कल. माणसं दुभंगली, सायकल कमानीखालून आत गेली, आणि तीन हात आत गेल्यावर जोतिरामनं ब्रेक आवळून दोन्ही पाय येळ्ळूरच्या मातीत रोवले. मष्णूनं टेंपोच्या टपावर चढून निकाल सांगितला.

नागोजी धापा टाकत आला. "चालणार न्हाय! उलटं आलासा तुमी!"

"कोण उलटं?" जयवंता कॅरिअरवरूनच म्हणाली. "माझं तोंड माहेराकडंच हुतं. मी सरळ आले. डब्यातला एक लाडूबी फुटला न्हाय, बघ." आणि तिनं भावाच्या उघड्या तोंडात लाडू घातला. 

जेवणं झाल्यावर जोतिरामनं चूक शोधायला सायकल झाडाखाली पुन्हा उलटी उभी केली, मूठ पिळली. वरची कड हँडलकडंच येत होती. म्हणजे बरोबर. मग गेली कशी मागं? त्यानं डोकं खाजवलं, वाकून पायांमधून सायकलकडं बघितलं, आणि तसाच वाकलेला राहिला.

"मष्णू," तो खालूनच म्हणाला, "उलट्या सायकलीचं चाक उलटंच दिसणार की रं! पयलं जोडलेलंच बरोबर हुतं! साडी उलटी हाय हे मला झोपेत कळतंय, आणि सायकल उलटी हाय हे ध्यानात आलं न्हाय!"

मष्णू हसून हसून झाडाला धरून खाली बसला. जोतिराम टेप सोडायला लागला. दोन तारा बदलल्या की काम झालं.

"काय कराय लागलासा?" जयवंता हात पुसत आली.

"सरळ करतोय. परत जाताना नीट जाऊ."

"हात लावायचा न्हाय." तिनं सायकल स्वतः सुलटी केली. "एकेचाळीस वर्षं मी तुमच्या सदऱ्याची शिवण बघत आले माहेरी. आज पयल्यांदा रस्ता बघितला." तिनं कासोटा खोचला, रिकामा डबा मांडीवर घेतला आणि रस्त्याकडं तोंड करून बसली. "चला. मी सांगते तसं हँडल धरा."

नागोजी किल्ली फिरवत पुढं आला. "आक्का, मी टेंपो घेऊन येऊ मागनं?"

"ये," जयवंता म्हणाली. "दाजींस्नी बोलायला कुणीतरी पायजे."