पहिला घोट

वेरेदियानाच्या आईचा आज दुखवटा काढायचा होता. शेजाऱ्यांनी एकाच मडक्यातली केळ्यांची दारू प्यायली की दुखवटा सुटतो. नाहीतर गेलेलं माणूस घरातच अडकून राहतं, असं टेकडीवर सगळे मानतात. वेरेदियानाचं स्वतःचं असं कुणी उरलं नव्हतं. बाकीचे युद्धातच गेले होते. मडकं रिकामं करायला शेजारीच काय ते होते.

शेजारी आले. रीत कोण मोडणार?

यजमानीण म्हणून तिने पहिला घोट घेतला. दारूत विष नाही याची तेवढीच खात्री असते, आणि युद्धानंतर तर लोक त्या घोटाकडे डोळ्यांत तेल घालून बघतात. मग तिने मडकं शेजारच्या कान्सिलिदा मावशीपुढे सरकवलं. मावशीने मडक्यातली प्यायची नळी ओठांत धरली, गाल हलवले आणि "वा!" म्हणाली. दारू मात्र होती तिथेच होती.

"मावशी, तुम्ही प्यायलाच नाहीत."

"प्याले की गं! वय झालं, सोसत नाही आता."

"काल बारशाला बरी सोसली!"

कुणी हसलं नाही. मागून एकजण पुटपुटली, "पहिला घोट बेर्नादेतानेही घेतला होता."

बेर्नादेता म्हणजे रेडिओवरच्या मालिकेतली गावात काड्या घालणारी बाई. गेल्या आठवड्यात तिने पहिला घोट तोंडात धरून ठेवला, पाहुण्याला विष पाजलं आणि मागच्या दारी जाऊन थुंकली. तिचा आवाज वेरेदियानाचा. माणसं फसतात कशी ते लोकांना कळू दे, असं राजधानी किगालीतला मालिकेचा लेखक म्हणाला होता, आणि हिनेही जीव ओतून काम केलं. एवढं चांगलं करायची काही गरज नव्हती.

"नाटक आहे हो ते, मावशी. कागदावरचं वाचते मी."

"ते कळतं गं आम्हाला. पण पोरी, तसा आवाज कागदातून येत नाही."

मालिकेची वेळ झाली तशी एकेकजण उठली. अंगणात भरलेलं मडकं आणि ती, दोघंच राहिली. आता आईला काय सांगायचं? तिला रडू कोसळलं. तेवढ्यात शेजारच्या घरातून महिन्याभरापूर्वी रेकॉर्ड झालेला तिचाच आवाज घुमला आणि मागोमाग मावशीच्या शिव्या, अगदी मनापासून.

वेरेदियाना कुंपणापाशी गेली.

"मावशी, एकच घोट घ्या हो. माझ्या आईसाठी."

"कोण बडबडतंय गं बाहेर?" मावशी आतून खेकसली. "गप्प बसा जरा, बेर्नादेता बोलतेय!"