हरकत कुणाचीच नव्हती

“मेलेल्याला दर रविवारी आंघोळ कशाला घालता तुम्ही?”

मित्रांनो, हा प्रश्न फिटरच्या पोरीने विचारला आणि त्यातला मेलेला म्हणजे मी. मी एक जुना माग आहे, कापड विणणारा. “विचारून दाखव, मग तुला मानू,” असं मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं आणि त्या फुटक्या खिडकीतून डोकावत होत्या. ही पोरगी हल्ली कुणाच्या बापाला भीत नाही. तिचा स्वतःचा बाप तर समोरच तेलाचा डबा घेऊन बसला होता.

उत्तराआधी माझी थोडी ओळख ऐका. अंग लोखंडी, धोटा लाकडी. धोटा म्हणजे सुताची कांडी पोटात घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणारा माझा लाडका. गिरणीच्या मागखात्यात माझ्यासारखे असंख्य भाऊ रांगेत उभे होते. आम्ही सगळे सुरू झालो की असा खडखडाट उठायचा की कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून तिथली माणसं आवाज काढायचीच नाहीत. नुसते ओठ हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे. भांडणं, थट्टा, चहाड्या, सगळं ओठांवर. माझी विणकरीण म्हणजे या पोरीची आई. माझं काहीही बिघडलेलं नसताना फिटर पाना घेऊन यायचा आणि तासभर माझा एकच नट पिळत बसायचा. पुढे त्यांचं लग्न झालं. तो नट अजून ढिला आहे.

पाहुणे आले की मालक त्यांना आधी माझ्यापाशी आणायचे. माझ्या कापडावरून हात फिरवायचे. मी फुगून जायचो. मग एके दिवशी पाळी संपली आणि पुढची पाळी आलीच नाही. माझ्यावरचं अर्धवट कापड तसंच राहिलं. ते उंदरांनी खाल्लं. गावातली दुकानं एकेक करून बंद झाली, तरुण मुलं निघून गेली. उरलेल्यांचे कान आमच्या खडखडाटाने आधीच नेले होते. त्याबद्दल कुणी मला कधी बोल लावला नाही.

गेल्या वर्षी हीच उरलेली माणसं परत आली. झाडू, रॉकेल, चिंध्या घेऊन. थोडे माग पुन्हा चालवू, पोरांना शिकवू, असा त्यांचा बेत. दर रविवारी माझा गंज खरवडतात. म्हणून तो प्रश्न.

“घरी बसलो तर सूनबाई लसूण सोलायला लावते,” म्हातारे जॉबर म्हणाले, अर्थात ओठांवरच. जॉबर म्हणजे आमच्या खात्याचे मुकादम. इथल्या पोरीही ओठ वाचतच वाढलेल्या, खिडकीत खसखस पिकली.

“बाबा, तुम्ही सांगा.”

“गंज चढू नये म्हणून.”

“पण का चढू नये?”

“चढू नये म्हणून.”

आईने मात्र चिंधी खाली ठेवली. “तुझ्या मामाकडे शहरात महिनाभर राहिले होते ना? सगळे चांगले वागले. पण बोलताना माझ्याकडे पाठ करायचे. मी नुसती हो हो म्हणायची. जेवलीस का, त्यालाही हो, आणि वेडी आहेस का, त्यालाही हो. परत आले, तर रस्त्यापलीकडून दूधवाली नुसते ओठ हलवून म्हणाली, ‘बारीक झालीस गं.’ तिथेच रडले. हे खातं गंजून पडलं की ही माणसं पांगणार. मग मी बोलू कुणाशी?”



त्यानंतर आठवड्याच्या मधल्याच एका वारी कचेरीतला एक साहेब आला. पोरगी शाळेत होती. जुनी माणसं भिंतीच्या कडेने उभी राहिली. साहेबाने कागद वाचला. “हे खातं पाडून जागा मोकळी करायची आहे. कुणाची हरकत?”

मित्रांनो, काय सांगू, खातं नुसतं पेटलं. ओठांवर. जॉबर म्हणाले, पाडून तर बघ. आई म्हणाली, आम्ही चालवून दाखवतो. फिटरने तर एक शिवी दिली. पण या छताखाली त्यांच्या घशातून आवाज निघतच नाही. सवयच तशी, अर्धं आयुष्य अंगात मुरलेली. साहेबाला फक्त शांतता ऐकू आली. तो खाली मान घालून “हरकत नाही” असं पुटपुटला, त्यामुळे ते कुणाला वाचताही आलं नाही. तो गेल्यावर यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. चांगलं सुनावलं म्हणाले.

आठवड्याने भिंतीवर लाल फुल्या पडल्या. फाटकावर कागद लागला, ‘एकही हरकत आली नाही.’

पोरगी तो वाचून धावत आत आली. “आजोबा, तुम्ही सुनावलं होतं ना? नेमकं कसं?”

जॉबरनी करून दाखवलं. छाती काढून, बोट रोखून, त्वेषाने. आवाज अजिबात नाही.

पोरगी मटकन खाली बसली. तिला बघून एकेकाला उमगत गेलं. आईने तोंडावर पदर धरला. मग तिला काय म्हणायचं होतं, ते कुणालाच कळलं नाही.

आज पुढच्या रांगेतले माझे भाऊ गाडीत चढले. उद्या-परवा माझी पाळी. आईने मामाकडे निरोप धाडलाय. फिटर माझा तोच ढिला नट पुसत बसलाय.

मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणणार नाही. लोखंड कुठेतरी वितळेल, कशाचं तरी काहीतरी होईल. पण तुमच्या घरात कमी ऐकू येणारं माणूस असेल तर त्याच्याकडे तोंड करून बोला. पाठ करू नका. एवढंच मागतो.

इतक्यात कोपऱ्यात बसलेली पोरगी उठली. दोघांसमोर जाऊन उभी राहिली.

“आई, बाबा, मी उद्या शाळेत जाणार नाही. त्या साहेबाच्या कचेरीत जाणार आणि तुम्हाला दोघांना नेणार. तो ऐकेल असं मला वाटत नाही. गाड्यासुद्धा आल्यात. तरी तुम्ही माझ्याकडे बघून बोलायचं. जे जे बोलाल ते सगळं मी मोठ्याने सांगणार. बाबांच्या शिवीसकट.”