धामणदरीची विहीर

ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा नवा झाला आणि धामणदरीच्या शाळेतलं तिसरीचं भूगोलाचं पुस्तक एका दिवसात जुनं झालं. त्या पुस्तकात उस्मानाबाद जिल्हा होता. त्याआधी, निजामाच्या काळात, हे गाव बिदर जिल्ह्यात मोडायचं. गाव मात्र बालाघाटाच्या त्याच उतारावर बसलं होतं. वर काळ्या दगडाची घरं, खाली ओढा, आणि ओढ्यापलीकडचं शिवार नांदेड जिल्ह्याचं.

वीरभद्र गुरुजी या शाळेवर येऊन वर्ष झालं होतं. ते देगलूरकडचे. घरात कन्नड, बाजारात तेलुगू आणि शाळेत मराठी, अशी त्यांची सवय. अहमदपूरच्या बैठकीत शिक्षण खात्याच्या साहेबांनी सांगितलं, नवं पुस्तक येईपर्यंत आपापल्या गावाचा भूगोल आणि इतिहास शिकवा. बाकीचे शिक्षक हसले. गुरुजींनी मात्र परत येताना दुकानातून चार पुठ्ठे आणि रंगाची पेटी घेतली.

दोन महिने शाळा सुटली की ते गावभर फिरले. पावलांनी अंतर मोजलं. म्हाताऱ्यांना विचारून वहीत टिपून घेतलं. सगळ्यात जास्त सांगितलं ते संगप्पांनी. संगप्पा दहा वर्षं सरपंच होते, अहमदपूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांच्या करडईला नाव होतं. गुरुजीही आपल्यासारखेच लिंगायत, आपल्याच देवाचे म्हणून त्यांचा गुरुजींवर जीव. गावाची स्थापना, महादेवाचं देऊळ, रझाकारांच्या वेळी माणसं डोंगरात कशी लपली, हे त्यांनी रंगवून सांगितलं.

"आणि बहात्तरचा दुष्काळ?" गुरुजींनी विचारलं.

"लई वाईट. पण गाव तगलं. सरकारचे टँकर आले," संगप्पा म्हणाले.

गुरुजींनी तसंच लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात ते ओढ्याकाठच्या खालच्या वस्तीत गेले. अकरा घरांची वस्ती, मजुरी करणाऱ्यांची. धुरपता नावाची पन्नाशीची बाई अंगणात तुरी निवडत होती. तिनं त्यांना बाज टाकून दिली. गुरुजींनी टँकरची गोष्ट काढली तेव्हा तिचा हात थांबला.

"टँकर दोनदा आला गुरुजी. रस्ता कुठं होता? एक तर वरच्या वळणावरच कलंडला."

"मग गाव काय प्यायलं?"

"आमच्या विहिरीचं."

ती विहीर ओढ्याच्या काठाला होती. पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी, वरच्या विहिरीवर वस्तीला पाणी भरू देत नव्हते म्हणून, या अकरा घरांनी ती खणायला घेतली होती. धुरपता तेव्हा नवी नवरी होती आणि डोक्यावर माती वाहत होती. बहात्तरला वरची विहीर मार्गशीर्षातच आटली. हिला पाणी राहिलं.

"पहिल्या दिवशी वरच्या बाया आल्या, म्हणल्या, तुम्ही जरा लांब व्हा, आम्ही शेंदतो. झालो लांब. एवढं खोल शेंदायची सवय न्हाई, हाताला फोड आले त्यांच्या. मग होळीपासनं आम्हीच शेंदून त्यांच्या घागरीत वतू लागलो. कुणी काही बोललं न्हाई."

"नंतर?"

"नंतर पाऊस झाला," धुरपता म्हणाली आणि पुन्हा तुरी निवडू लागली.

गुरुजी घरी आले आणि बराच वेळ वही उघडी ठेवून बसले. धामणदरीत आल्यापासून तेही वरच्याच विहिरीचं पाणी पीत होते, आणि त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. ते त्यांना आता जाणवलं. टँकरची ओळ त्यांनी खोडली. नकाशावर ओढ्याच्या काठाला निळं वर्तुळ काढलं आणि बाजूला लिहिलं: 'अकरा घरांची विहीर. १९४९. बहात्तरच्या दुष्काळात सारे गाव हिचे पाणी प्याले.'

नकाशा सव्वीस जानेवारीला शाळेच्या भिंतीवर लागला. झेंडावंदन झाल्यावर गाव तो बघायला आत आलं. संगप्पांनी चष्मा लावून सगळं वाचलं. देवळापाशी मान हलवली. निळ्या वर्तुळापाशी थांबले.

"गुरुजी, हे कशाला?" ते हळू आवाजात म्हणाले. "ती विहीर गावाबाहेर हाय. आणि असलं काही झालं न्हाई. कुणी एखाद-दुसऱ्यानं आणली असंल घागर."

याच माणसानं गुरुजींना राहायला खोली दिली होती. "मला वस्तीत सांगितलं, अप्पा," एवढंच ते म्हणू शकले.

"त्यांचं काय घेऊन बसलात. पुसून टाका."

तेवढ्यात संगप्पांची बायको सिद्धम्मा पुढं आली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "यात ती खालची विहीर कोणती?"

गुरुजींनी बोट ठेवलं. सिद्धम्मानं डोळे बारीक करून पाहिलं. मग चिंचेचं झाड कुठं, देऊळ कुठं, ओढा कुठं, एकेक विचारून घेतलं.

"चुकलंय," ती म्हणाली.

संगप्पांनी मान वर केली.

"चिंचेच्या अलीकडं काढली तुम्ही. विहीर पलीकडं हाय, उगवतीला. आणि वाट कुठंय? देवळामागून वाट होती खाली. तुरीच्या रानातून."

"तुला काय समजतंय त्यातलं," संगप्पा म्हणाले.

"सहा-सात महिने गेले न्हवं मी त्या वाटेनं, सकाळ-संध्याकाळ. तुमची आंघोळ पण त्याच पाण्यानं झाली." तिचा आवाज चढला नव्हता. धान्य मापताना बोलावं तशी बोलली आणि मागं सरली. तिच्या मागं उभ्या असलेल्या वरच्या घरांतल्या मल्लम्मानं, गुरम्मानं माना हलवल्या.

संगप्पांनी चष्मा काढला आणि ते बाहेर गेले. पुढं महिनाभर ते शाळेकडं फिरकले नाहीत. खोली मात्र त्यांनी काढून घेतली नाही. गुरुजींना त्याची धास्ती होती, आणि ती खोटी ठरल्याचं त्यांना नंतर थोडं ओशाळवाणंही वाटलं.

त्याच दुपारी गुरुजींनी जुनं वर्तुळ खोडून विहीर चिंचेच्या उगवतीला काढली आणि देवळामागून तुटक रेघेनं वाट उतरवली.

नवं पुस्तक दीड वर्षानं आलं. त्यात मांजरा नदी होती, लातूरच्या डाळगिरण्या होत्या, उदगीरचा किल्ला होता. धामणदरी नव्हती. गुरुजी आधी भिंतीवरचं गाव शिकवायचे आणि मग पुस्तकातला जिल्हा.

धुरपता नकाशा बघायला आली ती त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, नातीचं नाव शाळेत घालायला आली तेव्हा. गुरुजींनी तिला विहिरीजवळची ओळ वाचून दाखवली. ती ऐकत राहिली.

"चार माणसं एकावर एक उभी राहतील एवढं खणल्यावर, चौथ्या परसाला खडक लागला होता," ती म्हणाली. "तो फोडायला दोन उन्हाळे गेले. ते लिवलं न्हाई तुम्ही."

"जागा आहे का बघतो," गुरुजी म्हणाले आणि पेटीतून काळा रंग काढला.