मेंढ्या मोजून होईपर्यंत

मी बुटकी खुर्ची बोलतेय. हैतीच्या डोंगरातली, आंब्याच्या लाकडाची, ताडाच्या पातींनी विणलेली. बुटकी म्हटल्याचा मला राग नाही. बाजारात जमिनीवर मांडलेल्या केळ्यांपर्यंत हात पोचावा, म्हणूनच सुताराने माझे पाय आखूड ठेवले.

माझी मालकीण लोर्वाना. आठवडाभर ती माझ्यावर बसून केळी विकायची आणि नाताळच्या सकाळी मलाच डोक्यावर घेऊन चर्चला निघायची, कारण तिथे ज्याने त्याने आपापली खुर्ची न्यायची रीत होती. मागून नवरा ओरेल आणि हातात बूट घेतलेली सहा वर्षांची जिसलेन. ओढ्यावर पाय धुवायचे, माझ्यावर बसून बूट चढवायचे, मग पुढे. जिसलेनच्या ओल्या पावलांचा गारवा मला अजून आठवतो.

चर्चमधल्या पुढच्या रांगा गावातल्या बड्या घरांच्या. त्यांच्या खुर्च्या उंच, पाठीवर नावं कोरलेल्या. आमच्या वाट्याला मागचा कोपरा आणि समोर नुसत्या पाठी.

"आई, बाळयेशू दिसत नाही," जिसलेन कुजबुजली.

"गेल्या वर्षी तरी कुठे दिसला होता? पुढच्या नाताळला उंच होशील, मग बघ," ओरेल म्हणाला.

लोर्वाना उठली. मला उचलून तिने भर मिस्सात, नाताळची उपासना चालू असतानाच, थेट बाळयेशूच्या देखाव्यातल्या गोठ्यासमोर नेऊन ठेवलं आणि पोरीला माझ्यावर उभं केलं.

चर्चचा कारभारी देझिल्मे काठी आपटत आला. "ए बाई, हा काय बाजार वाटला तुला? उतरव तिला."

"बाजारात पोरांना पुढे येऊ देतात, दादा. तिचं बघून झालं की उतरेल."

त्याने माझा पाय धरून ओढला. पाय कडकन मोडला. अख्खं चर्च बघत होतं. वाटलं, आता आडवी होते मी. पण त्या माणसासाठी मी या पोरीला पाडू? मुळीच नाही. तीन पायांवर घट्ट उभी राहिले. खरं सांगायचं तर ओरेलने धावत येऊन एका बाजूने खांदा दिला होता, पण हट्ट माझाच.

जिसलेनने गोठा मन भरेपर्यंत पाहिला. मेंढ्यासुद्धा मोजल्या. "अकरा," तिने मोठ्याने सांगितलं.

फादर थांबले होते. "अकराच आहेत," ते म्हणाले आणि मिस्सा पुढे सुरू झाला.

आज लोर्वाना नाही, ओरेलही नाही. त्याने बसवलेला पेरूच्या लाकडाचा चौथा पाय मात्र आहे, रंगाने वेगळा. चर्चमध्ये आता बाक आलेत. नवा कारभारी दर नाताळला दारातच अडवतो. "जिसलेनताई, बाक आहेत की. ही बाहेर ठेवा."

"मी बाकावरच बसते रे," पिकल्या केसांची जिसलेन म्हणते. "पण माझ्या नातीने काय पाहायचं? पाठी?"

आजही तो मागोमाग गोठ्यापर्यंत आलाय. माझी वीण उसवलीय, सांधे करकरतात, सगळं कबूल. पण मला बाहेर काढायचं असेल, तर आधी माझ्यावर उभ्या असलेल्या पोरीला उतरवा. ती मेंढ्या मोजतेय. आत्ताशी सातपर्यंत आलीय.