वीतभर उंच नेट

दर्शनाचं लग्न २०२३ च्या डिसेंबरात झालं, सतरा तारखेला. मुलुंडच्या हॉलमध्ये दुसरी पंगत बसली होती आणि नवरीचा बाप भीमराज खरात जिलेबीचं ताट एका हातात धरून दाराआड फोनवर बोलत होता.

"परवा? मंगळवारी? येतो ना मॅडम. अंधेरीला, सकाळी नऊ. येतोच."

फोन खिशात टाकून तो थेट पंगतीत शिरला. टोकाला अस्मिता बसली होती, शेजारी तिची आई लता. भीमराजने अस्मिताच्या पानात दोन जिलेब्या टाकल्या, मग तिसरी टाकली.

"काका, बस ना! लग्न दर्शनाताईचं आहे की माझं?"

"खा गप. परवा उडायचंय तुला. बोलावणं आलंय. बायकांच्या व्हॉलीबॉल लीगची निवड आहे."

लताने हातातला घास खाली ठेवला. ती इस्पितळात वॉर्डात आया होती. नवरा नव्हता, पोर एकच.

"भाऊ, पोरींच्या मॅचला येतं कोण बघायला?"

"येतील ताई. बायकांचं क्रिकेट आधी कोण बघत होतं? आता बघतात की नाही?"

"घाटकोपरच्या मॉलमधली नोकरी आम्ही तुमच्या शब्दावर थांबवून ठेवलीय. जानेवारीपर्यंतच थांबणार ते."

"माझ्यावर सोडा," भीमराज म्हणाला आणि पुढच्या पानाकडे वळला.

भीमराज एल.बी.एस. रोडवरच्या कारखान्यात फिटर होता. कारखान्याची व्हॉलीबॉलची टीम होती, तीत तो खेळायचा. कारखाना बंद पडला आणि तिथे टॉवर उभे राहिले, तेव्हा बाकीच्यांनी पंखे नेले, कपाटं नेली. भीमराजने मैदानावरचे दोन लोखंडी खांब हातगाडीवर घालून आणले आणि वस्तीमागच्या पटांगणात पुरले. नेट अडकवायचे हूक त्यानेच कधीकाळी त्या खांबांना वेल्डिंग करून बसवले होते, पुरुषांच्या उंचीवर, दोन मीटर त्रेचाळीसला. बायकांचं नेट त्याहून वीतभर खाली असतं. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही.

पण साडेचार ते सहा तो वस्तीतल्या पोरींना शिकवायचा आणि सहाच्या ठोक्याला बाप्ये खेळायला यायचे. त्यांचा कप्तान अनिरुद्ध पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता, "काका, तुमच्या पोरींसाठी रोज नेट वर-खाली कोण करणार यार?" भीमराजने ते मनावर घेतलं. पोरींना त्याने सांगितलं, उंच नेटवर शिकलात की खालचं नेट लोणी वाटेल. सांगता सांगता त्यालाही ते पटलं. खांबाला दुसरा हूक बसवायचा तर फिटरला अर्धा तास पुरे. चौदा वर्षांत तो अर्धा तास निघाला नाही.

मंगळवारी अंधेरीच्या हॉलमध्ये लाकडी जमीन होती, गुळगुळीत आणि पिवळी. चाळीसेक पोरी आल्या होत्या. अस्मिताने बूट दोनदा सोडून बांधले आणि आत गेली. भीमराज वर बाकावर बसला.

तिचा पहिला स्मॅश शेवटच्या रेषेबाहेर गेला. दुसराही बाहेर. तिसरा मागच्या भिंतीवर आदळला. चौथा तिने जोर लावून खाली ओढला, तो नेटमध्ये गेला. बाकीच्या पोरी तिच्याहून कमी उंच उड्या मारून चेंडू समोर दाणदाण आपटत होत्या.

खेळ थांबल्यावर निवड समितीच्या गंधाली मॅडम वर आल्या. चाळिशीच्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला. त्या स्वतः देशाकडून खेळलेल्या होत्या.

"तुम्हीच शिकवता ना हिला? हिची उडी आज इथे सगळ्यांत चांगली आहे. सराव किती उंचीवर करते?"

"दोन त्रेचाळीस."

"पुरुषांच्या?"

"म्हटलं, उंच नेटवर शिकली की..."

"तसं होत नाही हो काका. इतकी वर्षं तिने चेंडू फक्त पलीकडे घातलाय. खाली मारायला हात वळायला लागतो, तो वळतच नाही तिचा."

"पंधरा दिवस द्या मॅडम. मी वळवतो."

"यादी आज संध्याकाळी जाते," त्या म्हणाल्या. मग खाली उतरल्या.

परतीच्या बसमध्ये अस्मिता खिडकीशी बसली. पवई आल्यावर म्हणाली, "काका, माझं काय चुकलं?"

भीमराज पुढच्या सीटच्या दांडीकडे बघत होता.

"घाबरलीस तू," तो म्हणाला. "होतं असं. मोठा हॉल, नवे लोक."

"हो ना," ती म्हणाली. "घाबरलेच असेन."

पुढे तिने सगळ्यांना तेच सांगितलं. आईला सांगितलं, बरोबरच्या पोरींना सांगितलं. एक जानेवारीला ती मॉलमधल्या दुकानात कामाला लागली. मैदानावर अनिरुद्धने चेंडूत हवा भरता भरता विचारलं, "काय काका, तुमची चॅम्पियन टरकली म्हणे?" चारजण हसले. भीमराजने पंप हातात घेतला आणि उरलेली हवा भरली. त्याला राग आला नाही, लाजही वाटली नाही. घरी गेला, जेवला, झोपला. असे तीन आठवडे गेले. मग एका रविवारी सकाळी दाढी करता करता त्याने वस्तरा ठेवला, अर्धा साबण तसाच पुसला आणि लताच्या खोलीवर गेला.

लता तांदूळ निवडत होती.

"ताई, ती घाबरली नव्हती," भीमराज उंबऱ्यातच म्हणाला. "चूक माझी झाली. मी तिला पुरुषांच्या नेटवर शिकवलं. मॅडमनी मला तेव्हाच सांगितलं होतं."

लताने ताट बाजूला सरकवलं.

"म्हणजे तिचं काही चुकलं नव्हतं."

"नाही."

"आणि तुम्ही तीन आठवडे तिला म्हणू दिलंत, मी घाबरले म्हणून."

"हो."

आतून अस्मिता आली. दुकानाचा लाल शर्ट तिने इस्त्रीसाठी हातात धरला होता.

"मी सांगितलं होतं तुम्हाला, काका. कॉलेजच्या मॅचला माझे सगळे स्मॅश बाहेर गेले होते. तुम्ही म्हणालात, कॉलेजवाल्यांना नेट बांधता येत नाही."

भीमराजला ते आठवलं. तिने कुठे उभं राहून सांगितलं होतं तेही आठवलं.

"चहा टाकू का भाऊ?" लता म्हणाली. तो आत येऊन बसला. तिघांनी चहा घेतला.

त्याच संध्याकाळी तो वेल्डिंगचं मशीन मागून घेऊन आला आणि दोन्ही खांबांना दुसरा हूक बसवला, दोन चोवीसला. अनिरुद्ध बघत उभा राहिला. "आता रोज वर-खाली करणार काय?" "करणार," भीमराज म्हणाला. "तुला घाई असेल तर हात लाव." त्याच्याकडे चौदा पोरी येत. अस्मिता त्यांत नव्हती. दुकानातून सुटायला तिला नऊ वाजायचे.

लीग नोव्हेंबरात सुरू झाली, अंधेरीलाच. बायकांची मॅच दुपारी तीनला असायची. भीमराज पोरींना घेऊन गेला. अस्मिताची त्या दिवशी सुट्टी होती, ती न बोलावताच आली. हॉलमध्ये हजारभर खुर्च्या होत्या, माणसं शंभर-सव्वाशे, त्यातले निम्मे खेळणाऱ्यांचे आईबाप. माईकवाली मुलगी ओरडत होती, "आवाज कुठेय अंधेरी?" आवाज नव्हता. कॅमेरे मात्र चार होते, आणि ते रिकाम्या खुर्च्या टाळून फिरत होते.

पिवळ्या टीममधली सात नंबरची मुलगी उडाली आणि तिने चेंडू समोर आपटला. पोरी ओरडल्या. थोड्या वेळाने ती परत उडाली.

अस्मिता पुढे वाकून बघत होती.

"काका, ती माझ्याएवढीच उडते."

"तुझ्यापेक्षा कमी," भीमराज म्हणाला.

सात नंबरने तिसऱ्यांदा गुण घेतला तेव्हा अस्मिताने टाळ्या वाजवल्या. त्या बाजूच्या ओळींत तेवढ्याच टाळ्या होत्या.

लीगचा दुसरा हंगाम अजून जाहीर झालेला नाही. भीमराज खरात २०२५ च्या जानेवारीत, तेवीस तारखेला, गुरुवारी सकाळी वारला.