भिंगरीच्या वाट्याचं अर्धं वाक्य

भिंगरीचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत होतं. घरात आणि गल्लीत ती भिंगरीच, कारण एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं! पण त्या संध्याकाळी ती गरगरत होती ती वेगळ्याच कारणानं. खिडकीशी जा, दाराशी ये, घड्याळ बघ, परत खिडकी.

"अगं, पायाला चाकं लावलीस का?" इस्त्री करता करता आई ओरडली. "बस की! दादाचा अभ्यास घ्यायचाय ना?"

दादाचा अभ्यास म्हणजे त्या घरातला रोजचा कार्यक्रम. सोमवारी हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या नोकरीसाठी त्याची मुलाखत होती, तीही इंग्रजीत. "पाहुणे असंच काहीबाही विचारतात, जर-तरची वाक्यं घोटून ये," असं क्लासमध्ये सांगितलं होतं. म्हणून दादानं पुठ्ठ्याची कार्डं कापली होती. पांढरी कार्डं खरंच घडू शकेल त्याची: पाऊस आला तर, लिफ्ट बंद पडली तर. गुलाबी नुसती मनातल्या मनात: मला पंख असते तर, मी राजा असतो तर. कार्डावर इंग्रजी वाक्याचा पहिला तुकडा. तो वाचायचा भिंगरीनं, कपड्यांच्या घड्या घालता घालता. पुढचं वाक्य पुरं करायचं दादानं, खुर्चीत ऐसपैस बसून. शाबासकी दादाला, भांडी भिंगरीला!

महिनाभर हे चाललं, आणि त्याचा परिणाम दिसला कुठे? त्याच दिवशी, भर वर्गात!

शाळेच्या इंग्रजी संवाद-संघात एकच जागा उरली होती. बाईंनी प्रत्येकाला जर-तरचं एक वाक्य बोलायला लावलं. बहुतेकांचं उत्तर एकच, पाऊस आला तर मी छत्री घेईन. वर्गात छत्र्यांचं दुकान उघडलं म्हणा ना! मग भिंगरी उठली. "इफ द लिफ्ट स्टॉप्स..." असं झोकात म्हणाली आणि थांबली. सवयीनं! पुढचं दुसरं कुणीतरी बोलेल म्हणून ती चक्क वाट बघत राहिली. वर्ग खो खो हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. "उच्चार छान आहे तुझा," त्या म्हणाल्या, "पण मला अख्खं वाक्य हवंय. उद्या परत विचारते. जमलं तर जागा तुझी, नाहीतर दुसऱ्या कुणाची तरी."

तो 'उद्या' आता एका रात्रीवर येऊन ठेपला होता.

"आई, आज थोडाच वेळ दादा वाचेल आणि मी पुरं करेन. उद्या माझी..."

"दादाचं झालं की तुझं."

"त्याचं रोजच असतं!"

"त्याला नोकरी लागली की घराला हातभार लागेल, बाळा. तुझं काय, शाळेतलं."

"वाच गं पटकन," दादानं पाय लांब केले. "उगाच डोकं खाऊ नकोस."

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. आत्या आली होती. ती बसमध्ये कंडक्टर. दिवसभर माणसं पुढे सरकवून तिचा आवाज असा झाला होता, की घरातसुद्धा सगळे आपोआप बाजूला व्हायचे. ती स्टुलावर बसली, दोन-चार कार्डं ऐकली आणि म्हणाली, "काय साहेब, सगळी उत्तरं तुमचीच? हिच्या तोंडाला कुलूप आहे का?"

"तसं नाही हो वन्सं," आई म्हणाली. "आधी त्याचं होऊ दे, मग..."

"हे ऐकलंय मी, वहिनी. आमच्या आईचं पेटंट वाक्य! 'दादाचं झालं की तुझं.' आमच्या दादाचं शिक्षण झालं, लग्न झालं, त्याला ही दोन मुलं झाली. माझं अजून यायचंय!"

आत्या हसली. बाकी कुणी हसलं नाही.

"म्हणजे मी लेकीचं वाईट करते म्हणता?" आईनं इस्त्री जरा जोरातच दाबली.

"कुणीच वाईट करत नाही, म्हणून तर लक्षात येत नाही! पोरीला उपाशी ठेवलं असतंत, तर शेजारी चार शब्द बोलले असते. तिचा नंबर रोज मागे ढकलला, तर कोण बोलणार?" आत्यानं भिंगरीच्या हातातली सगळी कार्डं घेऊन दादाच्या मांडीवर टाकली. "वाच तू."

दादानं नाक मुरडत वरचंच गुलाबी कार्ड उचललं. "इफ यू हॅड अ फ्री अवर... तुला एक तास मोकळा मिळाला असता, तर?"

भिंगरीनं तोंड उघडलं. "आय वुड..."

पुढे काहीच नाही.

"मराठीत सांग हवं तर," दादा म्हणाला.

"मराठीतही येत नाहीये, दादा. मी कधी ठरवलंच नाही."

दादा हातातल्या कार्डाकडे बघत राहिला, आई भिंगरीकडे. आणि मग करपल्याचा वास आला.

"आई, इस्त्री!"

दादाचा मुलाखतीचा शर्ट! खालच्या काठाला तपकिरी डाग पडला होता.

"खोचला की दिसणार नाही," आत्या शांतपणे म्हणाली. "पण वहिनी, आत्ता पोरगी जे बोलली, ते कशात खोचणार?"

आई इस्त्री बंद करून खाली बसली. "मला कुणी विचारलं असतं," ती हळूच म्हणाली, "तर मलाही सांगता आलं नसतं." मग पदरानं डोळे पुसून ताडकन उठली. "ऊठ रे! आज भांडी तुझी. घासता घासता वाच."

"आई, माझी मुलाखत!"

"तुझं महिनाभर चाललंय. आता हिचं. तेही आज!"

दादा कुरकुरला, पण उठला. ओल्या हातांनी कार्डं वाचता वाचता रंगात आला, स्वतःच नवे प्रश्न काढू लागला. "नीट विचारणंही सोपं नाही गं!" असं म्हणेपर्यंत त्यानं दोन बशा फोडल्या होत्या. भिंगरी चुकली, अडली, पुन्हा चुकली, पण वाक्य पुरं केल्याशिवाय हलली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात ती उभी राहिली. "इफ माय ब्रदर वॉशेस द डिशेस..." आणि थांबली. झालं! मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. पण या वेळी ती मुद्दाम थांबली होती. "...आय विल स्टडी, अँड ही विल ब्रेक टू प्लेट्स!"

वर्ग हसला, आणि आज ती स्वतःही हसली. बाईंनी तिच्या हातातलं गुलाबी कार्ड घेऊन विचारलं, "आणि तुला एक तास मोकळा मिळाला असता तर?"

"मी खिडकीत बसले असते," भिंगरीनं इंग्रजीत अख्खं, सावकाश सांगितलं, "आणि काहीही केलं नसतं."

जागा तिची झाली!

मंडळी, आज आपापल्या घरी जरा कान देऊन ऐका. 'त्याचं झालं की तुझं' हे कुणाला रोज ऐकावं लागतंय का? बोलणारं माणूस वाईट नसतं, बहुतेक वेळा ती प्रेमळ आईच असते. पण मुलीला नुसतं शाळेत घातलं की आपलं काम संपत नाही. घरी तिला वेळ हवा, चुकायला मोकळीक हवी आणि तिचं बोलणं संपेपर्यंत ऐकणारं कुणीतरी हवं. तिचा नंबर उद्यावर ढकलू नका. भांडी कुणीही घासू शकतं. फुटल्या दोन बशा, तर फुटू देत!